पावसाळ्यानंतर करकरणारी लाकडी जमीन : दोष फळीचा की खालच्या लादीचा?

मोरजी, आश्वे, मांद्रे या किनारपट्टीतील अनेक घरे व अतिथिगृहे जूनपासून बंद होतात आणि पर्यटन हंगामाच्या तोंडावर पुन्हा उघडली जातात. दार उघडून आत पाऊल टाकताच काही ठिकाणी पायाखालून करकर ऐकू येते. मे महिन्यापर्यंत निमूट असलेली लाकडी जमीन बोलू लागलेली असते. मग मालक ठेकेदाराला दूरध्वनी करतो, ठेकेदार हवेला दोष देतो, आणि शेवटी कोणीतरी सुतार येऊन आवाज येतो त्या जागी दोन स्क्रू ठोकून जातो. या जमिनीचे खरे नुकसान बहुधा तेथूनच सुरू होते.

जुन्या घरांच्या माडीवरील जमीन आणि आजची ही जमीन दिसायला सारखी असली तरी त्यांची जात वेगळी आहे. माडीच्या जाड फळ्या तुळयांवर खिळ्यांनी ठोकलेल्या असत. खिळा सैल झाला की फळी करकरे, आणि तो पुन्हा ठोकला की गप्प बसे. (रात्री कोण उशिरा घरी आले, हे त्या करकरीवरून घरातल्या वडीलधाऱ्यांना कळत असे, हा तिचा उपयोगही होता.) आजच्या लॅमिनेटच्या फळ्या मात्र खाली कशालाच जोडलेल्या नसतात. लाकडाचा भुसा दाबून केलेल्या घट्ट तक्त्याच्या या फळ्या कडेच्या खाचांनी एकमेकींत अडकतात आणि दोन-तीन मिलिमीटर जाडीच्या फोमवर नुसत्या पसरून राहतात. म्हणूनच तिला तरंगती जमीन म्हणतात. पेर्स्टॉर्प या स्वीडिश कंपनीने 1977 साली लॅमिनेटची जमीन शोधून काढली. गोंदाविना अडकणाऱ्या खाचा 1990 च्या दशकाच्या उत्तरार्धात आल्या. हे तंत्र कोरड्या, थंड हवेच्या प्रदेशात जन्माला आले, ही गोष्ट किनाऱ्यावरच्या घरमालकाने ध्यानात ठेवलेली बरी.

अशी जमीन हवेतील ओलाव्याने फुगते आणि कोरड्या दिवसांत आकसते. बहुतेक उत्पादक खोलीतील सापेक्ष आर्द्रता साधारण 35 ते 65 टक्क्यांच्या दरम्यान ठेवण्यास सांगतात. गोव्याच्या पावसाळ्यात ती 80 टक्क्यांच्या वर सहज राहते; दारे-खिडक्या लावलेल्या घरात हवा खेळत नाही आणि तो ओलावा चार महिने मुरत राहतो. फुगलेल्या फळ्यांना सरकायला जागा हवी, यासाठी भिंतीलगत चारही बाजूंनी सुमारे 10 मिलिमीटर फट सोडायची असते. ही फट स्कर्टिंगखाली झाकली जाते, म्हणून ती सोडली की नाही हे मालकाला दिसत नाही. काही गवंडी फट वाईट दिसते म्हणून तीत पांढरे सिमेंट भरतात. काही ठिकाणी दाराची चौकट तळाशी न कापता फळी तिला भिडवलेली असते, किंवा जड कपाट फळ्यांतून आरपार स्क्रूने बसवलेले असते. अशा वेळी फुगलेली जमीन मधे उचलली जाते. त्या उंचवट्यावर पाऊल पडले की फळी दबते, खाचा एकमेकींवर घासतात आणि आवाज येतो.

तपासणी येथूनच करावी. भिंतीची स्कर्टिंग काळजीपूर्वक काढून पाहावे. फळी भिंतीला टेकली असेल तर 10 मिलिमीटरवर रेघ मारून मल्टिटूलच्या पात्याने तेवढी कड कापावी, भरलेले सिमेंट खरवडून काढावे, चौकटीचा तळ कापून फळीला तिच्याखाली सरकू द्यावे. त्यानंतर काही दिवस वाट पाहावी. दबाव सुटलेली जमीन हळूहळू खाली बसते. स्कर्टिंग परत बसवताना खिळे भिंतीत मारावेत, जमिनीत नव्हे.

कडा मोकळ्या असूनही आवाज राहिला, तर दोष खाली आहे. ओळखण्याची खूण आवाजातच असते. करकर ही घासण्याची, ढबढब ही पोकळीची, आणि चुरचुर बहुधा फोमखाली राहिलेल्या वाळूची किंवा प्लॅस्टिकची. खालची जमीन दोन मीटर लांबीत तीन मिलिमीटरहून अधिक वर-खाली असता कामा नये, असा सर्वसाधारण दंडक आहे. गवंड्याची लांब सरळ पट्टी टेकवली की ते दिसते. इकडे जुन्या घरांत लाकडी फळ्या थेट जुन्या मोझेक लादीवर टाकण्याची रीत आहे. लादीच मुळात पोकळ वाजत असेल, डुगडुगत असेल, तर वरून कितीही महाग फळी घातली तरी ती शांत राहणार नाही. ‘पायाला मऊ लागेल’ म्हणून फोमचे दोन थर घालणे ही तर हमखास फसवणूक; खालचा आधार दबत राहतो, खाचा प्रत्येक पावलाला वाकतात आणि वर्षा-दोन वर्षांत तुटतात.

येथे उपाय एकच, आणि तो कष्टाचा आहे. जवळच्या भिंतीकडून फळ्या उलट क्रमाने सोडवाव्यात. प्रत्येकीच्या पाठीवर पेन्सिलने अनुक्रम लिहिला नाही तर परत बसवताना कोडे होते. उंचवटा ग्राइंडरने घासावा, सैल लादी पुन्हा बसवावी, खळगा आपोआप समपातळी होणाऱ्या मिश्रणाने भरावा आणि ते पुरते वाळू द्यावे. वाळले की नाही हे पाहण्याची सोपी रीत आहे : अर्धा मीटर चौरस प्लॅस्टिक चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावून रात्रभर ठेवावे. सकाळी आतून थेंब दिसले किंवा सिमेंट काळवंडले, तर थांबावे. तळमजल्यावर फोमखाली 200 मायक्रॉनचा प्लॅस्टिकचा थर हवाच; नाहीतर खालून येणारी ओल फळ्यांना आतून फुगवते.

केवळ खाचांची बारीक करकर असेल तर सांध्यावर टाल्कम पावडर टाकून ब्रशने आत ढकलावी व उरलेली पुसून घ्यावी. काही काळ आराम पडतो. तेल मात्र सोडू नये. ते धूळ धरते आणि डाग पाडते. फळीला भोक पाडून आत गोंद भरण्याचे संच बाजारात मिळतात, पण ते जमिनीला चिकटवलेल्या फळ्यांसाठी आहेत. तरंगत्या जमिनीत एक जागा चिकटली की उरलेली सगळी त्या खुंटीभोवती ओढली जाते. सुरुवातीला उल्लेखिलेल्या दोन स्क्रूंचा दोषही हाच. बहुतेक कंपन्यांची हमी अशा छिद्रांनंतर लागू राहत नाही, हे हंगामावर पोट असलेल्या अतिथिगृहचालकाला महागात पडते.

दगडभुकटी मिसळलेल्या प्लॅस्टिकच्या, म्हणजे एसपीसीच्या, फळ्या ओलाव्याने फुगत नाहीत. किनाऱ्यावर त्यांचा विचार करण्यासारखा आहे. मात्र त्यांनाही सपाट पाया लागतो आणि काचेतून थेट येणारे तीव्र ऊन त्यांना सोसत नाही.

दुरुस्ती भर पावसात करू नये. फुगलेल्या अवस्थेत नीट जुळवलेल्या फळ्यांच्या सांध्यांत जानेवारीच्या कोरड्या वाऱ्यात भेगा पडतात. ऑक्टोबरमध्ये घर उघडल्यावर लगेच वातानुकूलन यंत्र पूर्ण थंडीवर लावण्यापेक्षा आठवडाभर खिडक्या उघड्या ठेवाव्यात. नव्या फळ्यांची खोकी बसवण्यापूर्वी 48 तास त्याच खोलीत आडवी ठेवावीत. बंद घराच्या देखरेखीसाठी कोणी ठेवलेले असेल तर त्याला आर्द्रतामापक दाखवून ठेवावा आणि उघडीप मिळेल त्या दिवशी खिडक्या उघडण्यास सांगावे. काम संपल्यावर त्याच रंगाच्या फळ्यांचे एक खोके माळ्यावर राखून ठेवावे. कंपन्या रंग बंद करतात आणि मग एका तुटलेल्या खाचेपायी सगळी खोली बदलावी लागते.