डोळा, कान आणि हात

नवी मुंबईतील तुर्भे हे गाव पारसिकचा डोंगर आणि ठाण्याची खाडी यांच्यामधील पट्ट्यात वसलेले आहे. डोंगराच्या अंगाला दगडांच्या खाणी व कारखाने, तर खाडीच्या अंगाला मुंबईस कांदे, भाजीपाला, मसाले व धान्य पुरविणारी मोठी घाऊक बाजारपेठ. आगरी व कोळी कुटुंबे या भागात पिढ्यान्‌पिढ्या राहत आहेत. कामधंद्याच्या निमित्ताने महाराष्ट्राच्या इतर जिल्ह्यांतून आणि परप्रांतांतून आलेली कुटुंबेही येथे स्थायिक झाली आहेत. अशा वस्तीतील शाळेत एकाच बाकावर बसलेली दोन मुले घरी दोन निराळ्या भाषा बोलत असतात. एकाने खाडी रोज पाहिलेली असते, तर दुसऱ्याला ती आगगाडीच्या खिडकीतून दिसते तेवढीच ठाऊक असते. या सर्वांना एकच पाठ कसा शिकवावा, हा प्रश्न शिक्षकांपुढे दररोज उभा राहतो.

या प्रश्नाला एक सोपे उत्तर गेल्या काही दशकांत जगभर प्रसिद्धी पावले. काही मुले डोळ्यांनी शिकतात, काही कानांनी, तर काही हातांनी. प्रत्येक मूल कोणत्या प्रकारचे आहे ते ओळखावे व त्याला त्याच मार्गाने शिकवावे, असे ते उत्तर होते. ऐकावयास हे किती पटते! आपणांपैकी कित्येकांना चित्रे आवडतात, तर कित्येकांना गोष्ट ऐकणे आवडते. परंतु आवडणे निराळे आणि त्यामुळे अधिक चांगले समजणे निराळे. 2008 साली अमेरिकेतील चार मानसशास्त्रज्ञांनी या मतावरील संशोधन बारकाईने तपासून पाहिले. ‘डोळ्यांनी शिकणाऱ्या’ मुलाला केवळ चित्रांनी आणि ‘कानांनी शिकणाऱ्या’ मुलाला केवळ शब्दांनी शिकविल्यास ती अधिक शिकतात, असे सिद्ध करणारा पुरेसा पुरावा त्यांना आढळला नाही.

हे मत केवळ निरुपयोगी असते, तर त्याची एवढी चर्चा करण्याचे कारण नव्हते. त्यात एक धोकाही आहे. ‘हा मुलगा हातांनी शिकणारा आहे, वाचन त्याच्यासाठी नाही,’ असा शिक्का एकदा बसला की त्या मुलाच्या हाती पुस्तक देण्याचे हळूहळू बंद होते. आणि ज्याला वाचनाच्या सरावाची सर्वांत अधिक गरज, तोच वाचनापासून दूर राहतो. अंध किंवा बधिर मुलांची गोष्ट अर्थातच वेगळी आहे. अंध विद्यार्थ्याला ब्रेल लिपीतील पुस्तक किंवा ध्वनिमुद्रित पाठ देणे ही आवडीनिवडीची बाब नव्हे, ती गरज आहे.

मग डोळा, कान आणि हात यांचा उपयोग केव्हा करावा? याचा निर्णय मुलाच्या प्रकारावरून नव्हे, तर शिकावयाच्या विषयावरून करणे अधिक योग्य होय. तुर्भ्याजवळचेच उदाहरण घेऊ. ठाण्याच्या खाडीत हिवाळ्यात हजारो रोहित पक्षी येतात. त्यांच्या थव्याचा कलकलाट कसा असतो हे जाणण्यास कानच हवा. त्याचे वर्णन दहा ओळींत करूनही ते पुरे पडत नाही. त्यांचा रंग पाहावयास डोळा हवा. परंतु हा रंग त्यांच्या अन्नातील सूक्ष्म शैवालांमधून व जलजीवांमधून येतो, ही गोष्ट हजार पक्षी पाहूनही कळणार नाही. ती कोणीतरी शब्दांनीच सांगावी लागते. आणि चोच पाण्यात उलटी धरून तो पक्षी अन्न कसे गाळून घेतो, हे किनाऱ्यावर उभे राहून दिसत नाही. येथे चलच्चित्र उपयोगी पडते. चित्राची गती मंद करून पाहिले म्हणजे जिभेने पाणी आत ओढले जाते व चोचीच्या कडांवरील दाते चाळणीचे काम करतात, हे स्पष्ट होते. पाठ एकच, पक्षी एकच. पण त्याच्या प्रत्येक अंगासाठी साधन निराळे, आणि ते वर्गातील सर्व मुलांसाठी आहे.

वजनाचे तसेच. शंभर किलोग्रॅम म्हणजे एक क्विंटल हे पाठ करणे अवघड नाही. परंतु दहा किलोग्रॅम कांद्यांची पिशवी स्वतः उचलून, अशा दहा पिशव्या म्हणजे एक क्विंटल, असा हिशेब करणाऱ्या मुलाच्या मनात त्या शब्दाला भार येतो. बाजारपेठेत हमाली करणाऱ्याच्या मुलाला हे कदाचित शिक्षकांपेक्षाही अधिक ठाऊक असेल. मुलांमधील खरा भेद बहुधा असाच असतो: कोणाला आधीपासून काय ठाऊक आहे आणि कोणत्या भाषेत ठाऊक आहे.

हे ताराबाई मोडक यांनी फार पूर्वी ओळखले होते. इटलीतील मारिया माँटेसरी यांच्या पद्धतीत लहान मुले साधने हाताळून शिकतात. पण ती साधने महाग असत. 1945 साली ताराबाईंनी ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे (हे गाव आता पालघर जिल्ह्यात आहे) ग्रामीण मुलांसाठी काम सुरू केले. त्यांच्या सहकारी अनुताई वाघ या होत्या. पुढे हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथे शिंपले, खडे, बिया, पाने आणि फुले हीच शिक्षणाची साधने झाली. गुरे राखणारी मुले शाळेत येऊ शकत नाहीत असे दिसताच शाळाच कुरणात नेण्यात आली. तिला कुरणशाळा म्हणत. त्या शाळेत वीज नव्हती, यंत्र नव्हते. तथापि विचार करून निवडलेले साधन होते, आणि माझ्या मते तंत्रज्ञान या शब्दाचा खरा अर्थही एवढाच आहे.

आता आजच्या एका साधनाकडे वळू. काही पाठ्यपुस्तकांत पाठाशेजारी काळ्यापांढऱ्या चौकटींचे एक लहानसे चित्र छापलेले असते. त्याला क्यूआर कोड म्हणतात. जपानमधील डेन्सो या कंपनीतील मासाहिरो हारा व त्यांच्या सहकाऱ्यांनी तो 1994 साली मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी तयार केला. त्याच्या तीन कोपऱ्यांतील मोठ्या चौकटींवरून चित्र कसे धरले आहे हे यंत्राला कळते. म्हणून तो तिरपा किंवा उलटा धरला तरी वाचता येतो. त्यातील माहिती अशा रीतीने साठविलेली असते की शाईचा डाग पडला किंवा थोडा भाग फाटला, तरी ती बहुधा परत मिळविता येते. शाळकरी पुस्तकाला हा गुण किती सोयीचा, हे सांगावयास नको!

सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडी येथील जिल्हा परिषदेच्या शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी हे कोड पाठ्यपुस्तकांना जोडले. कोडवर भ्रमणध्वनी धरला की कवितेचे गायन किंवा पाठाचे चलच्चित्र समोर येई. त्यांना 2020 साली जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. दहा लाख डॉलरांच्या त्या पुरस्काराची निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांत वाटून दिली. बालभारतीच्या पुस्तकांतही पुढे असे कोड छापले जाऊ लागले. घरी मराठी न बोलणाऱ्या मुलीला या सोयीचा विशेष उपयोग होतो. वर्गात कविता एकदाच म्हटली जाते. घरी ती एखाद्या शब्दाचा उच्चार दहा वेळा ऐकू शकते आणि कोणी हसतही नाही. मात्र ज्या घरात एकच भ्रमणध्वनी असतो आणि तो वडील कामावर नेतात, तेथे हा कोड सायंकाळपर्यंत मुकाच राहतो. म्हणून शाळेत तो सर्वांना मिळून ऐकविण्याची सोय असणे आवश्यक आहे.

आणखी एक अडचण आहे. चलच्चित्र पाहताना सगळे समजले असे वाटते. दुसऱ्या दिवशी मात्र त्यातील थोडेच आठवते. 2006 साली रोडिगर आणि कार्पिके या दोन संशोधकांनी विद्यार्थ्यांना उतारे वाचावयास दिले. काहींनी उतारा पुन्हा वाचला. काहींनी तो बाजूला ठेवून आठवेल तेवढे लिहिले. पाच मिनिटांनी पुन्हा वाचणारे थोडे पुढे होते. परंतु एका आठवड्याने, आठवून लिहिणाऱ्यांनी उताऱ्याचा 56 टक्के भाग सांगितला, तर पुन्हा वाचणाऱ्यांना 42 टक्केच सांगता आला.

हा प्रयोग तुम्हांलाही करता येईल. रोहित पक्ष्याच्या चोचीचे चलच्चित्र एकदा लक्षपूर्वक पाहा. मग यंत्र बंद करून कोऱ्या कागदावर ती चोच काढा, पाणी कोठून आत येते व कोठून बाहेर जाते ते बाणांनी दाखवा आणि खाली दोन वाक्ये लिहा. त्यानंतरच चित्र पुन्हा सुरू करून आपला बाण कोठे चुकला ते पाहा.