कुर्ल्याच्या गल्लीतून मोठ्या पडद्यापर्यंत : रॅपर नेझीचा प्रवास आणि आपल्या घरातली मुलं

मागच्या पालकसभेला एक अब्बा नववीतल्या मुलाची वही घेऊन आले. वही भूगोलाची. पण मागच्या बाजूने दहा-बारा पानं गाण्याच्या ओळींनी भरलेली. "टीचर, हा म्हणतो रॅपर व्हायचंय. गल्ली बॉयसारखं. तुम्हीच समजवा आता." मुलगा खाली मान घालून उभा. मी वही चाळली, आणि खरं सांगते, त्याला समजवण्याआधी मलाच बरंच काही समजून घ्यायची गरज होती.

कारण 'गल्ली बॉय' हा सिनेमा आहे. ज्यांच्या आयुष्यावरून तो सुचला त्यांच्यापैकी एक मुलगा आपल्यातलाच, कुर्ल्याचा नावेद शेख. दुनिया त्याला नेझी म्हणून ओळखते. त्याची गोष्ट आपल्या मुलांना तुकड्यातुकड्यांत माहीत आहे: एक गाणं टाकलं, व्हायरल झालं, सिनेमा आला, नाव झालं. मधला भाग मात्र कुणी सांगत नाही. आणि आईवडिलांना 'हो' किंवा 'नाही' म्हणायचं असेल तर तो मधला भागच माहीत असायला हवा.

रॅप म्हणजे नेमकं काय?

बऱ्याच घरांत समज असा आहे की रॅप म्हणजे शिव्या, सोन्याच्या चेन आणि आरडाओरडा. तसली गाणी आहेत, नाकारत नाही. पण याची सुरुवात कशी झाली ते ऐका. ११ ऑगस्ट १९७३, न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातली एक इमारत. तिथे राहणाऱ्या एका मुलीला शाळा सुरू होण्याआधी नवे कपडे घ्यायचे होते. पैसे जमवण्यासाठी तिने इमारतीच्या हॉलमध्ये तिकीट लावून पार्टी ठेवली. गाणी वाजवायला तिचा भाऊ होता, मूळचा जमैकाचा, डीजे कूल हर्क. गाण्यात जिथे फक्त ढोल वाजतो तोच तुकडा तो दोन रेकॉर्डवरून पुन्हा पुन्हा वाजवत राहिला, आणि माइकवरून लोकांना जोश देत बोलत राहिला. हिप-हॉपचा जन्म त्या रात्रीचा मानतात. गरीब वस्ती, स्थलांतरित घरं, महागडी वाद्यं परवडत नाहीत, म्हणून जुन्या रेकॉर्डवर आपले शब्द. इतकी साधी गोष्ट.

रॅप हा त्या हिप-हॉपमधला बोलण्याचा भाग. खाली चार ठोक्यांची चाल चालू असते, तिला बीट म्हणतात. चार ठोक्यांचा एक घास, त्याला 'बार' म्हणतात, आणि साधारण एका बारमध्ये एक ओळ बसवायची. अशा सोळा ओळींचं एक कडवं धरतात. ओळीच्या शेवटी यमक लागतं, आणि चांगला रॅपर ओळीच्या पोटातही यमक जुळवतो. ज्यांनी शाळेत उर्दू घेतली त्यांना हे लगेच कळेल. गली, चली, ढली : हा आपला काफियाच आहे! फरक एवढाच की इथे तरन्नुमच्या जागी बोलीचा वेग आहे. श्वास कुठे घ्यायचा हेसुद्धा आधी ठरवून ठेवावं लागतं, नाहीतर चौथ्या ओळीला दम लागतो. वर्गात एकदा मुलांना करून पाहायला लावा, किती कठीण आहे ते कळेल.

आणि वस्तीचं दुःख तालावर, भर चौकात सांगणं आपल्या महाराष्ट्राला नवीन नाही. बार्शीचे शाहीर अमर शेख, म्हणजे मेहबूब हुसेन पटेल, हेच करत होते. कामगारांच्या सभा, संयुक्त महाराष्ट्राचा लढा, आणि समोर हजारो माणसं. वाद्य डफ असो की मोबाइलमधली बीट, शब्दात दम नसेल तर लोक थांबत नाहीत.

गाणं आधी पाठ केलं, मग लिहिलं

नावेदचा जन्म १९९३ चा. घर कुर्ला पश्चिमेला. तिथला पिनकोड ४०००७०, म्हणून तिकडची पोरं आपल्या भागाला 'बॉम्बे सत्तर' म्हणतात. तेरा-चौदा वर्षांचा असताना त्याने जमैकाचा गायक शॉन पॉल याचं 'टेम्परेचर' हे गाणं ऐकलं. इंग्रजी, तेही जमैकन ढंगाचं, आणि वेग असा की अर्थ सोडा, शब्दसुद्धा हाती लागत नाहीत. याने ते शब्द मिळवले, पाठ केले आणि दोस्तांपुढे म्हणून दाखवले. वाहवा मिळाली.

शिक्षक म्हणून मला इथे थांबावंसं वाटतं. आपण म्हणतो ना, या मुलाचं पाठांतर नाही, याचं लक्ष लागत नाही. लक्ष लागतं. फक्त कुठे लागतं ते आपण बघत नाही.

पुढची काही वर्षं सरळ गेली नाहीत. संगत बिघडली, गल्लीतल्या भानगडी झाल्या, पोलिसांपर्यंत गोष्ट गेली, हे त्याने स्वतः मुलाखतींतून सांगितलंय. त्या धक्क्यानंतर तो घरात बसू लागला आणि लिहू लागला. आधी इंग्रजीची नक्कल, मग स्वतःची भाषा. आणि ही स्वतःची भाषा कुठली, तर आपण घरात नि नाक्यावर बोलतो ती, बंबईया हिंदी आणि त्यात उर्दूची चव. त्या काळात हिंदी रॅप म्हटलं की पार्टी, गाडी आणि दारू असाच मामला जास्त होता. नळ, गटार, हवालदार, बेकारी, मोहल्ला यावर रॅप करणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

आयपॅडवर बनलेलं गाणं

२०१४ च्या सुरुवातीला त्याने 'आफत' हे गाणं यूट्यूबवर टाकलं. स्टुडिओला पैसे नव्हते. वडिलांनी दिलेला आयपॅड होता. इंटरनेटवरून बीट उतरवून घेतली, कराओकेचा साधा माइक जोडला, आवाज आयपॅडवरच रेकॉर्ड केला, आणि व्हिडिओही त्याच आयपॅडवर आपल्याच भागात काढला. मागे कुठलाही सेट नाही. त्याची स्वतःची वस्तीच दिसते.

लोकांनी ते का उचललं? माझ्या मते दोन कारणं. एक, हा मुलगा खोटं बोलत नव्हता. त्याच्याकडे जे नव्हतं ते आहे असं तो दाखवत नव्हता. दुसरं, शब्दांवर हात बसलेला होता. ही सफाई एका रात्रीत येत नाही. 'टेम्परेचर' पाठ करण्यापासून 'आफत'पर्यंत सात-आठ वर्षं जातात. आपल्या मुलांना व्हिडिओ दिसतो, ती सात-आठ वर्षं दिसत नाहीत.

त्याच वर्षी दिशा रिंदानी यांनी त्याच्यावर 'बॉम्बे ७०' नावाचा छोटा माहितीपट केला आणि मुंबई चित्रपट महोत्सवात त्याला बक्षीस मिळालं. एप्रिल २०१५ मध्ये अंधेरीच्या विव्हियन फर्नांडिससोबत, म्हणजे रॅपर डिव्हाइनसोबत, 'मेरे गली में' आलं. एक ख्रिस्ती घरातला, एक मुस्लिम घरातला, दोघेही गल्लीतले. मुंबईच्या रॅपला 'गली रॅप' हे नाव घराघरात पोचलं ते या गाण्याने.

सिनेमा आला, पण सिनेमा म्हणजे आयुष्य नव्हे

दिग्दर्शिका झोया अख्तर यांनी 'आफत' पाहिलं आणि त्या या मुलांना भेटल्या. त्यातून 'गल्ली बॉय' उभा राहिला. फेब्रुवारी २०१९ मध्ये आधी बर्लिनच्या महोत्सवात आणि मग १४ तारखेला आपल्याकडे तो प्रदर्शित झाला. रणवीर सिंगने मुराद केला. पुढे भारताकडून ऑस्करला तोच सिनेमा पाठवला गेला, आणि २०२० च्या फिल्मफेअरमध्ये त्याला तेरा पुरस्कार मिळाले.

पण मुराद धारावीचा आहे, नावेद कुर्ल्याचा. मुरादच्या घरात जे घडतं ते पटकथेसाठी लिहिलेलं आहे. सिनेमा म्हणजे आपली जीवनकथा नव्हे, हे नेझीनेही सांगितलंय. हे मुलांना ठासून सांगावं लागतं, कारण सिनेमा मुराद स्टेजवर पोचला की संपतो. माणसाचं आयुष्य त्यानंतरही चालूच राहतं.

नाव झालं, आणि तो थांबला

ही गोष्ट सांगताना बहुतेक लोक इथे घाई करतात. 'मेरे गली में' नंतर मागणी वाढत होती, सिनेमा येऊ घातला होता, आणि नेमक्या त्याच काळात, २०१८ च्या सुमारास, नेझी गायबच झाला. नवीन गाणं नाही, कार्यक्रम नाहीत. घरच्यांची नाराजी, दीन आणि संगीत यांची मनातली ओढाताण, यासाठी आपण थांबलो होतो, असं त्याने पुढे बोलून दाखवलं.

मी आलिमा नाही, फतवा देणं माझं काम नाही. संगीताबद्दल आपल्या उलमांचं काय म्हणणं आहे ते आपल्या घरांना ठाऊक आहे, कुठे सक्त मत आहे, कुठे सवलत, हेही ठाऊक आहे. ते ज्याने त्याने आपल्या जाणकाराला विचारावं. मला एवढंच म्हणायचंय की हा प्रश्न त्या मुलालाही पडला होता. प्रसिद्धी मिळाली म्हणून प्रश्न मिटला नाही, उलट मोठा झाला. जे पालक म्हणतात "या पोरांना दीनची फिकीर नाही", त्यांनी ही गोष्ट जरूर लक्षात घ्यावी. आणि जी मुलं म्हणतात "एकदा नाव झालं की घरचे गप्प बसतील", त्यांनीही.

२०१९ मध्ये तो परतला आणि त्याने 'आफत वापस' केलं. २०२० मध्ये पहिला अल्बम आला, नाव 'मग़रिब'. मग़रिब म्हणजे पश्चिम, आणि कुर्लाही पश्चिमच. पण आपल्या कानाला त्या शब्दात आधी अजान ऐकू येते. पुढे २०२४ मध्ये 'बिग बॉस ओटीटी'च्या तिसऱ्या पर्वात तो दुसरा आला. म्हणजे 'आफत'ला दहा वर्षं झाली तरी त्याला नव्याने लोकांपुढे उभं राहावंच लागलं.

इकडे पुण्याच्या ताडीवाला रोडवरच्या वस्तीतला, लहानपणी कव्वाली गाणारा अल्ताफ, म्हणजे एमसी स्टॅन, फेब्रुवारी २०२३ मध्ये 'बिग बॉस १६' जिंकला. त्यामुळे आपल्या मोहल्ल्यातल्या मुलांना हा रस्ता आणखी जवळचा वाटू लागला. पण दोन नावं आपल्याला माहीत आहेत ती दोघं पोचले म्हणून. त्याच वर्षांत ज्यांनी गाणी टाकली आणि ज्यांना कुणी ऐकलं नाही, त्यांची नावं आपल्याला कोण सांगणार?

मग पालकांनी करायचं काय?

पहिली गोष्ट, वही फाडू नका. आधी वाचा. मुलगा काय लिहितोय त्यावरून तो कुठल्या वाटेला आहे ते कळतं. आईबहिणीवरून शिव्या, नशेचं कौतुक असेल तर तिथे बोलायलाच हवं. पण त्याने शाळेबद्दल, घराबद्दल, स्वतःच्या भीतीबद्दल लिहिलं असेल तर ते आपल्याशी बोलणंच आहे, फक्त तोंडावर न बोलता कागदावर.

दुसरी, भाषा वाढवा. नुसत्या बीटवर रॅपर होत नाही, शब्दांचा साठा लागतो. उर्दूची नज्म, मराठीतला पोवाडा, रोजचं वर्तमानपत्र, सगळं उपयोगी पडतं. पुढे रॅप सुटलं तरी भाषा सुटत नाही. ती वकिलाला, पत्रकाराला, शिक्षकालाही लागते.

तिसरी, पैशाचा हिशेब समजावून सांगा. यूट्यूबवर व्ह्यू आले म्हणजे लगेच घर चालत नाही. जाहिरातीच्या उत्पन्नातला वाटा मिळायलाही अटी असतात. कलाकाराची खरी कमाई बहुतेक वेळा कार्यक्रमांतून आणि कामाच्या करारातून होते. इंटरनेटवर फुकट मिळालेली बीट विकण्याच्या गाण्यात वापरता येतेच असं नाही, तिचा हक्क बनवणाऱ्याकडे असतो. आणि कुठल्याही करारावर सही करण्याआधी तो जाणत्या माणसाकडून वाचून घ्यावा. अठरा वर्षांखालील मुलाची सही ही तर आईवडिलांचीच जबाबदारी.

चौथी, शिक्षण थांबवून हे होऊ देऊ नका. दहावी-बारावी आणि हातात एखादं कौशल्य, एवढं झालं की मुलगा पडला तरी जमिनीवर पडतो, खड्ड्यात नाही.

त्या दिवशी मी मुलाला म्हटलं, "बेटा, यातलं एक पान अब्बांसमोर वाचून दाखव." तो लाजला. मग त्याने वाचलं. रात्रपाळी करून सकाळी घरी येणाऱ्या, चपला न वाजवता काढणाऱ्या माणसाबद्दल होतं. यमक दोन ठिकाणी चुकलं होतं. अब्बा काही बोलले नाहीत. वही माझ्या हातातून घेतली, बंद केली आणि एवढंच म्हणाले, "भूगोलात किती पडले, टीचर?"

पस्तीसपैकी बारा पडले होते. मी सांगितलं.

त्यांनी होकार दिला नाही आणि नकारही दिला नाही. पुढच्या आठवड्यात मुलाच्या दप्तरात एक नवी दोनशे पानी वही दिसली, वेगळी. भूगोलाची वही आता फक्त भूगोलाची आहे. दुसरीत काय लिहितोस, हे मी दर शुक्रवारी सुट्टीत विचारते.