आमरी : बांडगूळ नव्हे, झाडावरील बिऱ्हाडकरू

गिरगावातील फणसवाडीच्या नावात फणस आहे. आज तेथे चाळी, दुकाने व माणसांची वर्दळ आहे. अशा वस्तीतही चाळीच्या गॅलरीत टांगलेल्या लाकडी टोपलीत, मातीचा कणही नसताना, ‘सीतेची वेणी’ ही आमरी मे-जून महिन्यांत फुलू शकते. तिचा पांढऱ्या-जांभळट फुलांचा लोंबता घोस पाहून ती परदेशातून आणली असावी, असे शहरवासीयांस वाटते. वस्तुतः ती कोकणातील व घाटातील जुन्या झाडांच्या खोडावर राहणारी आपल्याच रानातील वनस्पती होय. (काही भागांत हेच नाव दुसऱ्या एका आमरीसही देतात, म्हणून केवळ नावावर विसंबू नये.) आसामात ही ‘कपौ’ नावाने ओळखली जाते, बिहूच्या सणात स्त्रिया ती केसांत माळतात व ती त्या राज्याचे फूल आहे. आपल्याकडे मात्र बागेची साफसफाई करताना तीच वेणी पुष्कळदा बांडगूळ समजून कोयत्याने छाटली जाते.

हा गैरसमज प्रथम दूर केला पाहिजे. बांडगूळ हे खरोखरच परोपजीवी आहे. त्याचे बी पक्ष्यांमार्फत फांदीवर चिकटते, त्याची मुळे सालीतून आत शिरतात व झाडाचे पाणी आणि क्षार शोषून घेतात. फांदीवर ते जेथे बसते तेथे गाठ दिसते व पुढील फांदी खंगत जाते. आमरीची मुळे सालीच्या आत शिरत नाहीत. ती सालीवरून पसरतात किंवा हवेत लोंबतात. ही मुळे कोरडी असता पांढुरकी दिसतात व भिजताच हिरवट होतात, कारण त्यांच्यावर स्पंजासारखे पाणी टिपणारे आवरण असते. पावसाचे पाणी, दव आणि सालीवर साचलेला पालापाचोळा यांवर तिचा निर्वाह होतो. आंब्याच्या मोहराला तिच्यापासून काही तोशीस नाही. ग्रामसेवकाने बागायतदारास ही दोन्ही मुळे एकदा शेजारी-शेजारी दाखवावीत. बांडगूळ फांदीच्या गाठीसह अवश्य काढावे, आमरी तशीच राहू द्यावी.

आमरीच्या मुळांचा हा स्वभाव समजला की तिच्या जोपासनेचे निम्मे काम झाले. शहरातील हौशी माणसे तिला कुंडीत मातीने गाडतात, रोज पाणी घालतात आणि महिन्याभरात मुळे कुजली म्हणजे हवेला दोष देतात. मुंबईची दमट हवा तिला मानवते. तिला हवा आहे तो मुळांना मोकळा वारा. लाकडी पट्ट्यांची टोपली किंवा भोके पाडलेली कुंडी घेऊन तीत कोळशाचे व विटांचे तुकडे आणि थोडी नारळाची सोडणे घालावीत. सोडणे दोन-तीन दिवस पाणी बदलून भिजवलेली असावीत. आंब्याच्या सालीच्या किंवा लाकडाच्या तुकड्यावर रोप सुतळीने बांधले तरी चालते. मुळे लाकडास धरली की सुतळी काढावी.

गॅलरी पूर्वाभिमुख असल्यास उत्तम. सकाळचे ऊन तिला पोषक आहे. पश्चिमेचे दुपारचे ऊन पाने भाजते, तेथे हिरवी जाळी बांधावी. पाने गर्द हिरवी असून फूल येत नसेल तर प्रकाश कमी पडतो असे समजावे. पाने पिवळट पडू लागली तर ऊन अधिक होते. चाळीत नळाला ठरावीक वेळी पाणी येते, ही येथे अडचण नाही. रात्री भरून ठेवलेल्या बादलीत सकाळी टोपली काही मिनिटे बुडवून निथळू द्यावी. उन्हाळ्यात हे रोज, हिवाळ्यात एक-दोन दिवसांआड करावे. पावसाळ्यात टोपली पन्हाळीखाली राहणार नाही अशी टांगावी. पानांच्या बेचक्यात पाणी साचले की शेंडा कुजतो. टोपलीखाली पाण्याची ताटली ठेवू नये, तीत डास होतात. वाढीच्या दिवसांत लिटरभर पाण्यात १ ग्रॅम १९:१९:१९ हे विद्राव्य खत मिसळून आठवड्याने एकदा फवारावे. खवले कीड व पिठ्या ढेकूण मऊ फडक्याने पुसून काढावेत. विभागणी करताना सुरी प्रत्येक रोपानंतर ज्योतीवर धरावी, कारण विषाणुरोग सुरीवाटेच पसरतो.

रोप कोठून आणावे, हा प्रश्न नाजूक आहे. रानातून ओरबाडून आणलेली आमरी शहरात बहुधा जगत नाही, आणि राखीव जंगलातून वनोपज परवानगीविना नेणे हा १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाखाली गुन्हा आहे. रोपवाटिकेत वाढविलेली रोपे घ्यावीत. आपल्याच बागेत वादळाने मोडलेल्या फांदीवर आमरी असेल तर ती सालीसह उचलून दुसऱ्या झाडाच्या बेचक्यात पावसाच्या आरंभी बांधावी. रानातील नुकसान लवकर भरून येत नाही, याचे कारण तिच्या बियांत आहे. एका बोंडात धुळीसारख्या सूक्ष्म बिया असंख्य असतात, परंतु त्यांत अन्नसाठा जवळजवळ नसतो. विशिष्ट बुरशीची साथ मिळाली तरच त्या रुजतात. फ्रान्समधील नोएल बर्नार्ड यांनी १८९९ मध्ये हे रहस्य उलगडले. पुढे १९२२ मध्ये अमेरिकेतील लुईस नडसन यांनी साखर व क्षार घातलेल्या निर्जंतुक माध्यमावर बुरशीविना बी रुजवून दाखविले. आजच्या प्रयोगशाळांतील काचेच्या बाटल्यांतली रोपे ही त्याचीच पुढील पायरी होय.

हौशी माणसासही संकर करता येतो. आमरीचे पराग पिठासारखे नसून पुंजक्यांत असतात. फुलाच्या मध्यस्तंभाच्या टोकावरील टोपी काडीने अलगद उचलून पुंजके घ्यावेत व दुसऱ्या फुलाच्या स्तंभाखालील चिकट खाचेत ठेवावेत. सीतेची वेणी व व्हँडा यांचा असा संकर होतो. तारीख व दोन्ही झाडांची नावे लिहून चिठ्ठी बांधावी. ज्या झाडावर बोंड धरले त्याचे नाव प्रथम लिहिण्याची रीत आहे. बोंड पिकावयास कित्येक महिने व रोपास फूल येण्यास कित्येक वर्षे लागतात, तेव्हा उतावळ्याने या वाटेस न जाणे बरे. जंगली जातींची ओळख पटविण्यासाठी सांतापाव व कापडिया यांचा मुंबई राज्यातील आमरींवरील इंग्रजी ग्रंथ (१९६६) आजही उपयोगी आहे. फादर सांतापाव हे फणसवाडीपासून चालत जाण्याच्या अंतरावरील सेंट झेवियर्स महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवीत.

प्रदर्शनात रोप ठेवावयाचे असेल तर ऋतूचा विचार आधी करावा. भायखळ्याच्या राणीच्या बागेतील पुष्पप्रदर्शन हिवाळ्यात भरते; सीतेची वेणी तेव्हा नुसती पाने दाखवील. त्या वेळेसाठी डेंड्रोबियमच्या संकरित जाती योग्य. भुलेश्वरच्या फूलगल्लीत व दादरच्या बाजारात विकावयास येतात त्या जांभळ्या काड्या बहुतांशी याच जातींच्या होत. कळ्या दिसू लागल्यापासून कुंडी फिरवू नये, नाहीतर प्रत्येक फूल वेगळ्या दिशेस तोंड करते. दांडीस बारीक काठीचा आधार द्यावा, फुलांवर पाणी पडू देऊ नये, पाने ओल्या फडक्याने पुसावीत. कुंडीस जातीच्या नावाची चिठ्ठी असावी. गर्दीच्या वेळी कुंडी बसमधून नेऊ नये. पहाटे टॅक्सीत मांडीवर घेऊन न्यावी.