जर्मनीला गेलो की शेत जातं का?

वसमतच्या एका मित्राने विचारलं, “दादा, जर्मनीला सेटल झालो तर आपलं हळदीचं शेत जातं का?” चला, पायरी-पायरीनं बघू.

पहिली पायरी व्हिसा. डिग्री, जॉब ऑफर आणि ठरलेला किमान पगार असेल तर ईयू ब्लू कार्ड. ऑफर नसेल तर जून २०२४ पासून चान्सनकार्ट आहे. वर्षभर तिथं राहून नोकरी शोधायची.

दुसरी पीआर. ब्लू कार्डवर २७ महिन्यांनी मिळू शकतो, जर्मन बी१ पर्यंत येत असेल तर २१. पासपोर्ट भारतीयच राहतो.

तिसरी नागरिकत्व, ५ वर्षांनी. ३ वर्षांचा शॉर्टकट २०२५ मध्ये बंद झाला. जर्मनीला आता दोन पासपोर्ट चालतात, भारताला नाही. जर्मन पासपोर्ट घेतला की आपलं नागरिकत्व संपतं. मग ओसीआय कार्ड काढता येतं, पण मतदान गेलं.

आणि शेत? वारसानं आलेलं आपलंच राहतं. पण नवीन शेतजमीन विकत किंवा बक्षीसपत्रानं घेता येत नाही. ओसीआयवाल्याला नाही, आणि भारतीय पासपोर्टवर तिकडं स्थायिक झालेल्यालाही नाही.

म्हणून पासपोर्टची घाई नको. आधी जर्मन शिका. बी१ पीआरलाही कामी येतं, नागरिकत्वालाही लागतंच. भेटू पुढच्या एपिसोडला!