अक्रोडाचा डॅशबोर्ड

जुन्या ट्रायम्फ स्पिटफायरच्या डॅशबोर्डमधून स्पीडोमीटर बाहेर काढला, की त्याच्या कड्याखाली झाकून राहिलेल्या लाकडाचं एक अरुंद वर्तुळ दिसतं. गडद तपकिरी. बाकीचं पॅनेल मात्र फिकट आणि पिवळट झालेलं असतं. बहुतेक लाकडं उन्हाने काळवंडतात, अक्रोड उलट विटत जातो, आणि वरचं लॅकर वयाबरोबर पिवळं पडतं. त्यामुळे पॅनेल हातात आलं की मी आधी ते वर्तुळ बघते आणि दिवसाच्या उजेडात त्याचा फोटो काढून ठेवते. गाडी कारखान्यातून निघाली तेव्हाचा रंग तिथेच शिल्लक असतो. मालकांच्या आठवणीतला रंग बहुधा बऱ्याच नंतरचा असतो.

मी मूळची मिरजेची, आता अनेक वर्षं इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीत राहते. स्पिटफायर याच गावच्या कॅनली कारखान्यात तयार व्हायची, १९६२ पासून १९८० पर्यंत. दोन माणसांची उघडी गाडी, आखणी इटालियन जोव्हान्नी मिकेलोत्तीची, आणि सांगाडा ट्रायम्फ हेराल्डच्या सांगाड्यावरून बेतलेला. आपल्याकडच्या जुन्या लोकांना हेराल्ड आठवत असेल, कारण मद्रासला ती ‘स्टँडर्ड हेराल्ड’ म्हणून बनत असे. आमच्या मामांकडे होती. म्हणून या धाकट्या बहिणीबद्दल मला पहिल्यापासून माया आहे.

सुरुवातीच्या स्पिटफायरमध्ये मीटर डॅशबोर्डच्या मधोमध असत. स्टिअरिंग उजवीकडे असो की डावीकडे, तेच पॅनेल दोन्हीकडे चालावं हा हिशेब. १९७० च्या मार्क फोरमध्ये ते चालकासमोर आले, आधी काळ्या प्लॅस्टिकच्या पॅनेलवर आणि १९७३ पासून लाकडी. लाकडी म्हणजे अखंड फळी नव्हे. प्लायवूड, त्यावर अक्रोडाचं विनियर, त्यावर लॅकर. विनियरची जाडी एक मिलिमीटरसुद्धा नसते. सगळं काम त्या पापुद्र्यात करायचं असतं, हे एकदा मनात पक्कं बसलं की हात आपोआप हलका होतो.

उघड्या गाडीत हे पॅनेल खराब होणारच. पावसाचं पाणी काचेच्या जुन्या रबरातून आणि टपाच्या कडेने आत येतं. लाकूड फुगतं, सुकलं की आक्रसतं. उन्हाने कडक झालेलं लॅकर त्याच्याबरोबर हलू शकत नाही, म्हणून तडकतं. तडकलेल्या रेघेतून पाणी पुन्हा आत जातं आणि विनियर खालच्या कडेपासून सुटायला लागतं. स्विचच्या भोकांभोवती ते आधी उडतं, कारण तिथे प्लायची कड उघडी असते.

नवीन पॅनेल विकत मिळतं. तरीही प्लाय कुजलेलं नसेल, तर जुनंच दुरुस्त करावं असं माझं ठाम मत आहे. त्याची भोकं त्याच गाडीच्या मीटरांना बसलेली असतात, त्याच्या कडा त्याच गाडीच्या पत्र्याला. आणि पन्नास वर्षं त्या गाडीबरोबर राहिलेली वस्तू शक्य असताना फेकून देणं मला पटत नाही.

पॅनेल काढताना पहिलं काम बॅटरीची तार सोडवणं. डॅशबोर्डमागच्या तपकिरी तारा चावी बंद असतानाही जिवंत असतात. एखादी पत्र्याला टेकली तर आग लागायला वेळ लागत नाही. ब्रिटिश गाड्यांच्या तारांच्या रंगांना नियम आहे: काळी अर्थिंगची, पांढरी चावी फिरवल्यावर चालू होणारी, हिरवी त्यापुढे फ्यूजमधून आलेली, जांभळी हॉर्नसारख्या कायम चालू गोष्टींची. तरीही प्रत्येक तारेला मी चिठ्ठी बांधते. मधल्या मालकांपैकी कोणी ना कोणी हाताला येईल त्या रंगाची तार जोडलेली असते.

जुनं लॅकर उतरवायला रसायन किंवा गरम हवा आणि बोथट पातं. इथे घाई केली तर विनियरच उचकटून येतं. उरलेलं काम २४० आणि ३२० च्या पॉलिशपेपरने, लाकडी ठोकळ्यावर गुंडाळून, नेहमी रेषांच्या दिशेने. यंत्र मी वापरत नाही. कडेवर एक क्षण जास्त टेकलं तर खालचा प्लाय दिसायला लागतो.

आता ठिगळ. समजा चोकच्या भोकापाशी नखाएवढा तुकडा गेला आहे. तो चौकोनी कापून भरला तर सरळ कडा डोळ्यात भरणार. म्हणून मी उडालेल्या जागेचा आकार रेषांच्या अंगाने वेडावाकडा वाढवते, त्यावर पातळ कागद ठेवून पेन्सिलने छाप घेते, आणि नव्या विनियरवर तो कागद इकडेतिकडे सरकवत राहते. गडद रेघ गडद रेघेला मिळाली पाहिजे. पातं किंचित तिरकं धरून कापायचं, म्हणजे कड कडेवर बसते. साधा पांढरा डिंक उन्हात मऊ पडतो आणि तुकडा सरकतो, तेव्हा युरिया फॉर्माल्डिहाइडचा. वर मेणकागद, मग लाकडाचा तुकडा आणि शिकंजा, रात्रभर. भोकाची कड आतून घासायला पेन्सिलीभोवती गुंडाळलेला पॉलिशपेपर पुरतो.

पूर्ण विनियर नवं लावायचं असेल, तेव्हा मालक गाठीच्या अक्रोडाचा आग्रह धरतात. झाडाच्या खोडावर मोठी गाठ वाढते, तिच्यात तंतू वाटेल तसे वळलेले असतात, आणि त्यातून ती गोल गोल नक्षी मिळते. महागड्या जॅग्वारमध्ये ती शोभते. माझ्याकडे आलेल्या स्पिटफायरमध्ये साधं, सरळ रेषांचं विनियर होतं, आणि मला तेच हवंसं वाटतं. शिवाय गाठीचं विनियर वाळल्यावर पापडासारखं वाकतं. ग्लिसरीन मिसळलेलं पाणी लावून, कागदांमध्ये घालून ते दाबाखाली सपाट करावं लागतं.

रंग ठरवायला ओला बोळा फिरवायचा. ओलं लाकूड जसं दिसतं, साधारण तसंच ते लॅकरखाली दिसणार. कड्याखालच्या वर्तुळाचा फोटो इथे उपयोगी पडतो. फिकट उरलं असेल तरच पाण्यात विरघळणारा रंग, तोही अगदी पातळ.

मिरजेत सतारमेकर गल्लीत भोपळ्यावर चपडा लाखेचं पॉलिश चढताना मी लहानपणी तासन् तास बघितलं आहे. इतका खोल रंग दुसरं काहीच देत नाही. पण डॅशबोर्डवर ते टिकत नाही. पाण्याचा थेंब राहिला की पांढरा डाग, ऊन लागलं की मऊ. इथे पॉलियुरेथेनच लागतं. गॅरेजवाले दोन भाग मिसळून फवारायचं लॅकर वापरतात. त्यात आयसोसायनेट असतात, ते श्वासातून गेले तर कायमचा दमा जडू शकतो. बाहेरून हवा पुरवणारा मुखवटा नसेल तर घरी ते करूच नये. एका डब्यातलं, उन्हाला टिकणारं व्हार्निश मी ब्रशने चढवते. पातळ हात, पुरतं वाळू देणं, पाणी लावून बारीक पेपर, पुन्हा हात. लाकडाची छिद्रं भरून पृष्ठभाग एकसारखा दिसला की थांबते, आणि शेवटी चकाकी थोडी मारते. उघड्या गाडीत आरशासारखं पॅनेल चालकाच्या डोळ्यांवर ऊन फेकतं.

मीटरांना मी कमीत कमी हात लावते. कडं फिरवलं की त्याचे दात खाचांतून सुटतात आणि काच निघते. काच धुवावी. तबकडीवर ओला बोळा फिरवू नये, छापलेले आकडे निघून येतात. पन्नासच्या दशकातल्या किंवा त्याआधीच्या गाडीत अंधारात चमकणारे आकडे असतील तर मीटर उघडूच नये. त्या रंगात रेडियम असू शकतं, आणि त्याची धूळ पोटात जाणं घातक.

जोडणी करताना लोक आतले सगळे दिवे एलईडी करून टाकतात. चार्जिंगचा लाल दिवा मात्र जुना, तारेचाच ठेवावा. चावी फिरवल्यावर अल्टरनेटर जागा होतो तो याच दिव्यातून जाणाऱ्या विजेवर. एलईडी इतकी कमी वीज जाऊ देतो, की बॅटरी चार्जच होत नाही. इंधन आणि तापमान या दोन मीटरांना मागचा एक छोटा डबा सरासरी दहा व्होल्ट पुरवतो. त्याचं कवच गाडीच्या पत्र्याशी नीट जोडलेलं हवं. नवं पॅनेल बसवल्यावर दोन्ही काटे एकदमच जास्त दाखवायला लागले, तर मीटर बदलायची घाई करू नये. आधी त्या डब्याचं अर्थिंग खरवडून साफ करावं.