प्रेषिताची कसोटी, खानदेशचा साक्षी

आज नाताळ. येशूचा संदेश देशोदेशी नेणाऱ्या प्रेषितांत संत पौलाचे स्थान थोर आहे. करिंथच्या मंडळीस लिहिलेल्या त्याच्या पहिल्या पत्राचा तेरावा अध्याय ख्रिस्ती भाविकांस वाटाड्यासारखा वाटतो. ज्ञान, दान, अढळ श्रद्धा, हे सारे असूनही प्रीती नसेल तर ते व्यर्थ होय, असे त्याचे सांगणे आहे.

ही कसोटी कठीण खरी. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १८९५ साली ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तेव्हा त्यांचे घर दुभंगले. लक्ष्मीबाईंनी दीर्घ विरह सोसला. १९०० साली त्यांनीही तीच वाट धरली. पुढे याच दांपत्याच्या अहमदनगरच्या घरी धरणगावचे त्र्यंबक बापूजी ठोमरे, म्हणजेच १९०७ च्या जळगाव कविसंमेलनाने गौरविलेले 'बालकवी', पुत्रवत् राहिले. ते अखेरपर्यंत हिंदूच होते; त्या मायेला धर्मांतराची अट नव्हती. १९१८ साली भादली स्थानकाजवळ रेल्वेच्या अपघातात त्यांचा अंत झाला.

तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तचरणी पोहोचलो, असे टिळक म्हणत. आज जळगाव-धुळ्यात ख्रिस्ती शेजाऱ्यांकडून फराळाचे ताट आले, तर वाचकहो, त्यात हीच प्रीती ओळखावी.