मूल ‘जात’ कसे शिकते

जन्माने माणूस ठरतो ही समजूत धर्मग्रंथांनी पोसली, हे आपण जाणतो आणि त्यावर पुष्कळ लिहूनही झाले आहे. परंतु ज्याने एकही ग्रंथ उघडलेला नाही ते पाच-सहा वर्षांचे मूल हीच समजूत कुठून उचलते, हा प्रश्न आपण फारसा विचारलेला नाही. तो बालमानसशास्त्राकडे नेऊन विचारला पाहिजे.

पियाजे आपण शिक्षकांनी वाचलेला असतो, निदान परीक्षेपुरता. लाकडी मण्यांत तपकिरी पुष्कळ, पांढरे थोडे. ‘तपकिरी जास्त की लाकडी जास्त?’ असे विचारले की सात-आठ वर्षांच्या आतले मूल बहुधा ‘तपकिरी’ म्हणते. तोच मणी तपकिरीही आहे आणि लाकडीही, हे एकाच वेळी मनात धरणे त्याला जमत नाही. बहुतेकांचे वाचन इथेच थांबते. वस्तुतः आपल्या कामाचा भाग यानंतर सुरू होतो.

फ्रँक कील या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९८९ साली एक पुस्तक प्रसिद्ध केले. त्यातील प्रयोगात मुलांना एक गोष्ट सांगितली जाते. डॉक्टरांनी रॅकून नावाच्या प्राण्याला रंगवले, पाठीवर पांढरा पट्टा काढला, अंगात दुर्गंधीची पिशवी बसवली. आता तो हुबेहूब स्कंक दिसतो. (हे प्राणी आपल्याकडचे नव्हेत, मुंगूस आणि मांजर समजा.) तर हा आता कोण? बालवाडीच्या वयाची मुले म्हणतात, स्कंक. नऊ-दहा वर्षांची मुले ठासून सांगतात, रॅकूनच. वरून काहीही करा, आत तो तोच. पण कॉफीची किटली कापून-जोडून तिचे पाखरांना दाणे घालायचे भांडे केले, तर लहान-मोठी सगळीच मुले म्हणतात, आता ते दाण्याचे भांडे. जनावराला ‘आतले’ काही असते, वस्तू मात्र माणूस घडवील तशी असते, हा भेद वयाबरोबर पक्का होतो. सुसान गेलमन आणि हेन्री वेलमन यांनी १९९१ मध्ये दाखवले की चार वर्षांच्या मुलांनाही याची चाहूल असते. वासरू जन्मापासून डुकरांत वाढले तरी ते हंबरणारच, असे ती सांगतात.

वासराबद्दल मुलाचे बरोबर आहे. ही बुद्धीची प्रगती आहे, आणि नेमका याच प्रगतीचा फायदा जातिव्यवस्था घेते. माणसांचे गट वस्तुतः किटलीच्या बाजूचे, माणसांनी घडवलेले. ते मुलाच्या मनात वासराच्या बाजूला नेऊन बसवले जातात. लॉरेन्स हिर्शफेल्ड यांनी १९९६ च्या पुस्तकात असे प्रयोग दिले आहेत. एका मोठ्या माणसाचे चित्र दाखवून ‘हा लहानपणी यातला कोणता?’ असे विचारले, तर अगदी लहान मुलेही पेशाचे कपडे व अंगकाठी यांच्यापेक्षा वर्ण धरून उत्तर देण्याकडे झुकली.

आपल्याकडे तर कातडीवरून जात दिसत नाही. ती मुलाला सांगावी लागते, आणि सांगण्याचे हत्यार म्हणजे भाषा. आपली मराठी या बाबतीत साधी नाही. आंब्याची जात, कुत्र्याची जात आणि माणसाची जात, तिन्हीला शब्द एकच. उपजत गुण सांगायचा तर ‘जात्याच हुशार’. अस्सल ते ‘जातिवंत’. भांडखोर बाई ‘कजात’. विज्ञानाच्या तासाला गुरुजी प्राण्यांच्या जाती शिकवतात आणि मधल्या सुट्टीत पोरे एकमेकांना जात विचारतात. मुलाने या दोहोंत भेद करावा कसा?

मार्जोरी ऱ्होड्स आणि सहकाऱ्यांचा २०१२ चा अभ्यास म्हणूनच मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. त्यांनी ‘झारपी’ नावाचे काल्पनिक लोक योजून चित्रांचे पुस्तक केले. या लोकांत स्त्री-पुरुष, तरुण-म्हातारे, गोरे-काळे सगळेच होते, म्हणजे दिसण्यात समान असे काही नव्हते. काही मुलांना वाक्ये सरसकट वाचून दाखवली, ‘झारपी अमुक गोष्टीला घाबरतात’. इतरांना एकट्या व्यक्तीबद्दल, ‘हा झारपी घाबरतो’. सरसकट वाक्ये ऐकलेल्या चार वर्षांच्या मुलांना झारपींचे गुण जन्मजात आहेत असे अधिक वाटू लागले. प्रौढांचेही तेच झाले. पुढे असेही दिसले की ज्या पालकांच्या मनात हा गट जन्मजात म्हणून भरवला, ते मुलांशी बोलताना अशी सरसकट वाक्ये अधिक वापरू लागले. परंपरा चालते ती अशी. तिला शिवी लागत नाही की उपदेश लागत नाही, एक अनेकवचनी कर्ता पुरतो.

आता आपले वर्ग आठवा. ‘ते लोक असेच असतात’, ‘सवलतीची मुले उभी राहा’. मी चौथीत असताना आम्हा सहा जणांना असे दर महिन्याला उभे करीत. आमच्यात दोन हुशार होते, एक कुस्ती खेळणारा, एक मुका म्हणावा इतका अबोल. बसलेल्या मुलांना मात्र सहाही जण एकच दिसत असणार. सहा झारपी.

हे सर्वांच्या बाबतीत सारखे घडते असेही नाही. रामस्वामी महालिंगम यांच्या भारतातील अभ्यासात वरच्या जातीचे लोक जातीला जन्मजात मानण्याकडे अधिक झुकले, दलित कमी. ज्याला जन्मजात म्हणण्यात लाभ, त्याला ते खरे वाटते. बाबासाहेबांनी १९३६ साली जात ही विटांची भिंत नसून मनाची धारणा आहे असे मांडले. ती धारणा कोणत्या वयात, कोणत्या वाक्यांनी बसते हे पाहणे आता आपल्याला शक्य झाले आहे. प्राथमिक शिक्षक मित्रांनी एक आठवडा आपल्याच वर्गातली, आपल्याच तोंडची सरसकट वाक्ये वहीत टिपून पाहावीत. मुलांना किटलीची गोष्टही सांगावी, आणि मग विचारावे की सुताराचा मुलगा कुंभाराच्या घरी वाढला तर तो काय करील.